खोकल्याचे गुण

मधुसूदनराव वैजापूरकरांना लागोपाठ तिसऱ्या महिन्यात दहापैकी सहा गुण मिळाले, तेव्हा यात काहीतरी काळंबेरं आहे याबद्दल त्यांची खात्री पटली.

एकदा सहा मिळाले, तर माणूस नशिबाला बोल लावतो. दुसऱ्यांदा मिळाले, तर परीक्षकाला. पण सूर्यास्ताला सहा, शेळीला सहा आणि मकबऱ्याच्या हौदातल्या प्रतिबिंबालाही सहाच? शेळीचे आणि मकबऱ्याचे गुण सारखे येत असतील, तर कुठंतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि पाणी कुठं मुरतं हे शोधणं हाच मधुसूदनरावांचा धंदा होता. ते लेखापरीक्षणात होते. जिल्ह्यातल्या शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती यांचे हिशेब तपासायला ते जात, तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत म्हणे. इतकी वर्षं हे काम केल्यामुळं संशय त्यांच्या अंगात मुरला होता. दूधवाल्यानं पातळ दूध घातलं की ते चिडत, आणि घट्ट घातलं की विचारात पडत. आजच का?

अशा माणसानं पन्नाशीच्या तोंडावर फोटोग्राफीचा नाद लावून घेतला. जुना याशिका कॅमेरा घेतला आणि ते ‘खामकाठ छायाचित्र मंडळा’चे सभासद झाले. नाव ऐकून बाहेरगावच्या माणसाला वाटे, काय निसर्गरम्य मंडळ असेल! औरंगाबादच्या माणसाला तसं वाटत नसे, कारण त्यानं खाम नदी पाहिलेली असे. पावसाळा सरला की पाच महिने मंडळ महिन्यातून एका रविवारी क्रांती चौकाजवळच्या एका शाळेच्या वर्गात भरे. प्रत्येकानं आपला एक फोटो द्यायचा. नाव मागच्या बाजूला. चिटणीस बद्रीनाथ एकेक फोटो हातात धरून दाखवणार, आणि बाहेरून बोलावलेला परीक्षक नाव न बघता गुण देणार. वर्षाच्या शेवटी बेरीज करून पहिल्या दोघांना मोठे चषक, आणि तिसऱ्याला उत्तेजनार्थ छोटा.

पद्धत अशी चोख होती, आणि म्हणूनच मधुसूदनरावांना ती पहिल्यापासून खटकत होती. चोख कागदामागंच घोटाळा असतो, हा त्यांचा अनुभव होता.

पहिला संशय अर्थातच नानासाहेबांवर गेला. नानासाहेब बिडकीनचे मोसंबीचे बागायतदार. अंगानं आडवे, आवाजानं उभे. ह्या माणसाला दर महिन्याला आठ किंवा नऊ गुण मिळत. आणि हा माणूस दर महिन्याला मोसंबीची पाटी घेऊन येई! परीक्षक मोसंबी सोलता सोलता गुण देतो, याला दुसरं काय नाव द्यायचं? आता, ती मोसंबी सगळ्यांनाच वाटली जात आणि मधुसूदनरावही दोन खात, ही गोष्ट खरी. पण ते पुरावा म्हणून खात.

"अहो, पण त्यांचे फोटो चांगले असतात," असं त्यांची पत्नी कालिंदीबाई एकदा म्हणाल्या.

"चांगले असतात, हीच तर शंकेची जागा आहे," मधुसूदनराव म्हणाले.

शेजारी आप्पासाहेब राहात. त्यांच्याकडं कॅमेरा नव्हता, त्यामुळं त्यांना फोटोग्राफीतलं सगळं कळत होतं. मधुसूदनरावांचे तिन्ही फोटो त्यांनी गॅलरीत उन्हात धरून पाहिले आणि निदान केलं.

"वैजापूरकर, तुमच्या फोटोत म्हातारी कुठंय?"

"म्हातारी कशाला?"

"म्हातारीशिवाय बक्षीस मिळालेलं बघितलंय का कधी? सुरकुत्या पाहिजेत. सुरकुती दिसली की परीक्षक विरघळतो. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं गोंदण, अन् नजर लांब कुठंतरी. लासूर स्टेशनला बाजाराच्या दिवशी जा. पाहिजे तेवढ्या म्हाताऱ्या."

सल्ला फुकट होता, म्हणून मधुसूदनरावांनी तो दोन दिवस संशयानं तपासला आणि मग बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीनं लासूर गाठलं.

म्हातारी लगेच सापडली. मिरच्यांच्या ढिगामागं बसलेली चतुराबाई. चेहरा असा की एकेका सुरकुतीत एकेक गुण लपलेला. मधुसूदनरावांनी कॅमेरा काढला.

"काय हाय ते?" चतुराबाईनं विचारलं.

"फोटो काढतो, आजी."

"माझा? कशापायी?"

आता इथं खरं उत्तर देऊन टाकायला हवं होतं. पण ‘तुमच्या सुरकुत्यांसाठी’ असं तोंडावर कसं म्हणणार? मधुसूदनराव चाचरले. "म्हणजे... कामासाठी. तिकडं द्यायचा आहे. औरंगाबादला."

"सरकारात व्हय?"

"मी सरकारीच आहे, पण..."

पुढचं वाक्य ऐकायला चतुराबाई जागेवर नव्हतीच. मिरच्या शेजारणीवर सोपवून ती लगबगीनं गेली, आणि थोड्या वेळानं आली ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, तोंड धुऊन, केसांना तेल चोपडून. तिच्यामागं आणखी म्हाताऱ्या. औरंगाबादहून साहेब आला आहे, निराधारांच्या पेन्शनीसाठी फोटो काढतो आहे, ही बातमी कांद्याच्या लिलावापर्यंत पोचली होती. साळूबाई आली, भागूबाई आली, काठी टेकत आवडाबाई आली. एका म्हातारीला पोरांनी बैलगाडीतून आणलं. रांग लागली. रांगेत भांडणं लागली.

"अहो, मी पेन्शनवाला नाही!" मधुसूदनराव ओरडले.

"आसंच म्हनत्यात," भागूबाई बाकीच्यांना म्हणाली. "मागच्या साहेबानं बी आसंच म्हनलं व्हतं. अन् मग त्याच्या वळखीच्यांचंच काम केलं. हलू नका गं!"

मधुसूदनरावांना प्रथमच कळलं, की संशय घेणं आणि संशय अंगावर येणं यांत केवढा फरक असतो. शेवटी सुटका म्हणून ते एकेकीचा फोटो काढत सुटले. प्रत्येक म्हातारी कॅमेऱ्यापुढं आली की दोन्ही हात मांड्यांना लावून सरळ ताठ उभी राहायची आणि श्वास कोंडून धरायची. रोल संपत आला, तेव्हा एक पोलीस आला आणि त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, ही मोहीम कुणाच्या आदेशानं?"

आयुष्यभर हा प्रश्न मधुसूदनरावांनीच लोकांना विचारला होता. ते परतीच्या गाडीकडं पळाले. पळताना खांद्यावरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं, आणि रोलवरचा शेवटचा फोटो त्यांच्या स्वतःच्या उजव्या चपलेचा आला.

गुलमंडीच्या स्टुडिओत मुख्तारभाईंनी रोल धुतला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पट्टी उजेडात धरली.

"साब, ये क्या? वृद्धाश्रम का ठेका लिये क्या तुमे?"

"त्यातले हिरव्या लुगड्यातल्या बाईचे दोन मोठे करून द्या."

"करके देतौं. लेकिन एक बात बोलूं? ये बुढिया साँस नै ले री."

मधुसूदनरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. स्टुडिओवाल्यांचा गि‍ऱ्हाइकाला खच्ची करण्यात काय फायदा असतो, हे मात्र त्यांनी नंतर तपासायचं ठरवलं.

त्या महिन्याच्या स्पर्धेला ते कालिंदीबाईंना घेऊन गेले. नऊ मिळणार, तर साक्षीदार हवा. बद्रीनाथांनी चतुराबाई उचलून धरली. ठाक् ठाक् असे दोनदा खोकले. परीक्षकांनी मान वर केली, मान खाली घातली आणि म्हणाले, "सहा."

परतताना रिक्षात मधुसूदनराव बोटांवर गुणांची बेरीज करत होते. कालिंदीबाईंनाच राहवलं नाही.

"त्या बद्रीनाथांना ज्येष्ठमधाची कांडी तरी द्या हो कुणीतरी. तुमचाच फोटो आला तेव्हा नेमका खोकला आला बिचाऱ्यांना. एरवी एवढे फोटो दाखवले, घसा अगदी खणखणीत."

रिक्षा क्रांती चौकात वळली आणि मधुसूदनरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोकला! सूर्यास्ताला खोकला होता. शेळीला होता. मकबऱ्याच्या वेळी तर इतका होता की कुणीतरी पाणी आणून दिलं होतं. नाव मागं लिहिलेलं असतं, ते फक्त बद्रीनाथ बघतो. तो खोकतो, परीक्षक समजतो, आणि नऊचे सहा होतात! आणि हे सगळं कुणासाठी? बिडकीनच्या मोसंबीसाठी.

"सापडला," मधुसूदनराव म्हणाले.

"काय?"

"खोकला."

कालिंदीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

वार्षिक स्पर्धा पुढच्याच महिन्यात होती. मधुसूदनरावांनी सापळा रचला. मंडळात त्यांनी एक नवीन सभासद भरती केली: कुमारी अंबिका पाठक. ही बाई जन्माला आलेली नव्हती. बद्रीनाथांना त्यांनी सांगितलं, "आमच्या ओळखीच्या आहेत. फार बुजऱ्या. बैठकीला येणार नाहीत. फोटो माझ्याबरोबर पाठवतील." त्याच म्हातारीचा दुसरा फोटो, त्यांच्या मते पहिल्याहून सरस, अंबिकाच्या नावानं द्यायचा. नाव अंबिकाचं, म्हणजे खोकला नाही. खोकला नाही, म्हणजे नऊ. मग उभं राहून सगळ्यांसमोर विचारायचं: तीच म्हातारी, तेच लुगडं, मग फरक कसला? स्वतःच्या नावावर चांगला फोटो वाया घालवण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी तो चपलेचाच देऊन टाकला.

सापळ्यात एकच कच्चा दुवा राहिला. बद्रीनाथ भाजीला औरंगपुऱ्यात जात आणि कालिंदीबाईही तिथंच जात.

त्या दिवशी मधुसूदनराव कचेरीतून आले, तेव्हा जेवण वाढलेलं होतं आणि कालिंदीबाई समोर बसून होत्या.

"अंबिका कोण?"

मधुसूदनरावांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. "कोण अंबिका?"

"बद्रीनाथ भेटले. म्हणाले, वहिनी, त्या अंबिकाताईंना एकदा घेऊन या ना, साहेबांच्या फार जवळच्या दिसतात. वर्गणीसुद्धा साहेबांनीच भरली."

मधुसूदनरावांनी सगळं खरं सांगितलं. खोकला, मोसंबी, सापळा. आपण खरं बोलतो आहोत आणि तरी ते खोटं वाटतंय, हे त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं. एखाद्या सरपंचानं असलं स्पष्टीकरण दिलं असतं, तर त्यांनी तिथंच लाल शेरा मारला असता.

कालिंदीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ती बाई नाहीच."

"नाहीच."

"बरं. मी येते वार्षिकला. नसलेली बाई मलाही बघायचीय."

वार्षिक स्पर्धेला सभागृह भरलं होतं. परीक्षक पुण्याचे होते, पांढरी दाढी असलेले. कालिंदीबाई बायकांच्या रांगेत बसून दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईला निरखत होत्या. मधुसूदनराव बद्रीनाथांच्या घशावर नजर ठेवून होते. नानासाहेब मोसंबी वाटत होते.

नानासाहेबांचा फोटो आला. विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्यात आंघोळ करणारा म्हातारा गडी, डोळे मिटलेले, डोक्यावरून पाणी ओघळतंय, आणि असं हसू की बघणाऱ्याला गार वाटावं. खोकला नाही. नऊ.

मग बद्रीनाथांनी चप्पल उचलली. धुरकट, तिरकी, अंगठा तुटायला आलेली. ते चपलेकडं बघून क्षणभर थबकले, मागचं नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि मग जीव एकवटून खोकले.

परीक्षकांनी दाढी कुरवाळली. "हं. यात... यात प्रवास आहे. सहा."

मधुसूदनराव खुर्चीत ताठ झाले. चपलेला सहा? खोकल्यानं गुण कापले असतील, तर ही चप्पल मुळात नऊची होती की काय?

त्यांना पुढं विचार करायला वेळ मिळाला नाही. अंबिका पाठकची चतुराबाई वर आली होती. बद्रीनाथ गप्प. घसा स्वच्छ.

"हा फोटो कुणी का काढलाय, मला कळलं नाही," परीक्षक म्हणाले. "ही बाई पेन्शनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसते. साडेतीन."

लोक हसले. मधुसूदनरावांना कानात सुंई असा आवाज ऐकू येऊ लागला. तीच म्हातारी. तेच लुगडं. आणि फरक कसला, ते आता त्यांना विचारायची गरज उरली नव्हती.

मध्यंतरात त्यांनी बद्रीनाथांना मंचाच्या मागं गाठलं. बद्रीनाथ बिडकीनकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी मधुसूदनरावांचा चेहरा पाहिला आणि हातातला चहा खाली ठेवला.

"तुम्ही माझ्या फोटोला का खोकता?"

"साहेब, थंडीचं..."

"बद्रीनाथ."

बद्रीनाथांचे खांदे पडले. "साहेब, माझी शाळा तुमच्या खात्याकडं. ऑडिटवाल्या माणसाला तीन न् साडेतीन गुण देऊन कोन झोपंल? परीक्षकाला आदीच सांगून ठेवतो, मी खोकलो की सहा."

"पण तुमच्या शाळेचं ऑडिट मीच केलं मागच्या साली! एक पैसा इकडचा तिकडं नव्हता!"

"म्हनूनच तर भीती साहेब. हिशेब चोख दिसला की तुमी जास्तच खोदता."

मधुसूदनरावांना खाली बसावंसं वाटलं, पण तिथं खुर्ची नव्हती. "आणि सहाच का?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "सात का नाही? आठ का नाही?"

"जास्ती दिले असते, तर तुमाला संशय आला असता ना."

घोटाळा होता. त्यांचा वास बरोबर होता. जन्मभर शोधला तसा, कागदावर चोख, आतून पोखरलेला घोटाळा. फक्त त्याचा लाभार्थी ते स्वतः होते.

तेवढ्यात माइकवरून नाव पुकारलं गेलं. वर्षाची बेरीज झाली होती. एखाद्या महिन्यात आठ आणि पुढच्या महिन्यात दोन मिळवणारे बाकीचे सभासद मागं पडले होते. दर महिन्याला न चुकता सहा मिळवणारा एकच माणूस होता. उत्तेजनार्थ चषक: श्री. मधुसूदन वैजापूरकर.

मंचाच्या पायऱ्या चढताना मधुसूदनरावांनी ठरवलं: सांगून टाकायचं. त्यांनी माइक हातात घेतला. समोर पहिल्या रांगेत बद्रीनाथांची बायको बसली होती, आणि मंचाच्या कडेला बद्रीनाथ हात जोडून उभे होते. खोकल्याचं नाव काढलं तर हा माणूस गावात तोंड दाखवू शकणार नव्हता. मधुसूदनरावांनी आजवर पुष्कळांवर शेरे मारले होते, पण त्यातलं कुणी असं समोर उभं राहिलेलं त्यांनी नीट पाहिलं नव्हतं.

"हे गुण माझे नाहीत," ते म्हणाले.

त्यांनी चषक टेबलावरच राहू दिला.

"खरं सांगतो. हा चषक घ्यायची माझी लायकी नाही. मला फोटो काढता येत नाही."

अध्यक्षांनी पुढं होऊन माइक धरला. त्यांचा आवाज भरून आला होता. "मित्रहो! मोठा कलावंतच म्हणू शकतो, की हे माझं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मधुसूदनराव "अहो, तसं नाही, खरंच नाही" म्हणत राहिले आणि टाळ्या वाढत गेल्या. नानासाहेब तर उभेच राहिले. "वा साहेब! लई मोठ्ठं मन!" चषक हातात कोंबला गेला. पुण्याच्या परीक्षकांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, की चपलेतला नम्रपणा आता आपल्याला उमगला.

घरी आल्यावर मधुसूदनराव अंधारात बसून राहिले. कालिंदीबाईंनी चषक फडताळात मागं सरकवला आणि त्यांच्यासमोर पाणी ठेवलं.

"ती बाई खरंच नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"साडेतीन मिळाले बिचारीला."

"हो."

"पण तिचे तिला मिळाले."

पुढच्या वर्षी मधुसूदनरावांनी डोळ्यांचं कारण सांगून स्पर्धेतून नाव काढून घेतलं. बैठकांना मात्र जात, मागच्या बाकावर बसत. अंबिका पाठकचे फोटो येत राहिले. बद्रीनाथांचा खोकला साफ गेला. अंबिकाला तीन मिळाले. मग चार. मग पुन्हा तीन, आणि त्या दिवशी मधुसूदनराव दुपारी जेवले नाहीत. पण रविवारी कॅमेरा घेऊन निघाले की आता कालिंदीबाईही बरोबर निघत. त्या समोरच्या माणसाशी बोलत बसायच्या, पोरांची चौकशी करायच्या, भाव करायच्या, भांडायच्या. आणि माणूस बोलण्यात गुंगला की मधुसूदनराव हळूच बटण दाबायचे. शहागंजात द्वारकाबाई नावाची बांगड्यांवाली बशीतून चहा पिता पिता सुनेची नक्कल करून दाखवत होती. चहा सांडला, बशी कलंडली, द्वारकाबाई हसता हसता मागं रेलली. तो फोटो त्यांनी अंबिकाच्या नावानं दिला.

त्या दिवशी बद्रीनाथ आजारी होते. फोटो दुसरंच कुणीतरी दाखवत होतं. परीक्षक नवे होते, त्यांना गावात कुणाचीच ओळख नव्हती. मधुसूदनरावांनी सगळीकडून तपासलं. संशयाला जागा नव्हती. कुठंच नव्हती.

"हात जरा हललाय," परीक्षक म्हणाले. "पण बाई जिवंत आहे. साडेपाच."

"साडेपाच!" मधुसूदनराव बाकावरून उठून ओरडले. टाळ्या वाजवल्या. दोन्ही हात वर केले. सगळा वर्ग वळून बघू लागला, तेव्हा कुठं खाली बसले.

नुकतेच नऊ मिळवून शेजारी बसलेले नानासाहेब त्यांच्याकडं टक लावून बघत होते.

"साहेब, नऊ मला मिळाले. तुमी का नाचायलेत?"

"ते... अंबिकाताईंना साडेपाच मिळाले ना."

"कोन ही अंबिकाताई? वरीस झालं ऐकायलोय. कदी दिसली नाय. दर बारीला फोटू तुमीच आनता." नानासाहेबांनी मोसंबी सोलायची थांबवली आणि आवाज खाली आणला. "साहेब, मानूस तुमी भला. पर एक इचारतो. वहिनींना ठावं हाय का हे?"

"हो, हो," मधुसूदनराव आनंदाच्या भरात म्हणाले. "अंबिकाताईंसाठी रविवारी बाहेर पडतो, तेव्हा डबासुद्धा हीच करून देते. बरोबर पण येते."

नानासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी सावकाश मान वळवून पलीकडं बसलेल्या कालिंदीबाईंकडं बघितलं, जागेवरून उठले, आणि पाटीतली सगळ्यात मोठी मोसंबी त्यांच्यापुढं ठेवून दोन्ही हातांनी नमस्कार केला.